सुटला म्हणून सत्कार

माणूस खुनाच्या खटल्यातून सुटला की काय करतो? वकिलाची उरलेली फी चुकवतो, ग्रामदैवताला नारळ फोडतो आणि पुढचं वर्षभर पेपरात नाव येऊ नये म्हणून मान खाली घालून चालतो. काइल रिटनहाउस नावाचं अठरा वर्षांचं पोरगं १९ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या केनोशा शहरच्या कोर्टातून सुटलं, तेव्हा त्याला कामावर ठेवायला तिथले खासदार रांगेत उभे होते. फ्लोरिडाच्या मॅट गेट्झना तर निकालापर्यंतही दम निघाला नव्हता. पोरगं आपल्या ऑफिसात उमेदवारी करायला बरं पडेल, असं ते आधीच बोलून बसले होते. अॅरिझोनाचे पॉल गोसार म्हणाले, त्याच्यासाठी मी गेट्झशी पंजा लढवतो. नॉर्थ कॅरोलिनाच्या मॅडिसन कॉथॉर्ननी इन्स्टाग्रामवरूनच आवतण धाडलं. उमेदवाराचा अनुभव: एक रायफल, आठ गोळ्या, दोन मृत, एक जखमी. शिक्षण: चालू.

जॉर्जियाच्या मार्जरी टेलर ग्रीनबाईंना नोकरी फारच किरकोळ वाटली. त्यांनी पोराला काँग्रेसचं सुवर्णपदक द्यावं म्हणून विधेयक आणलं. हे पदक पहिल्यांदा जॉर्ज वॉशिंग्टनना मिळालं, १९९७ मध्ये मदर तेरेसांना, १९९९ मध्ये रोझा पार्क्सना. पुढचं नाव यांचं. विधेयक पुढे सरकलं नाही. पण ग्रीनबाईंना ते सरकायला हवं होतं असं मानणारा माणूस भोळाच म्हणायचा.

ज्यांना हे प्रकरण अर्धंच ठाऊक आहे (म्हणजे या प्रकरणावर तावातावाने बोलणारे बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २३ ऑगस्ट २०२० रोजी केनोशात एका गोऱ्या पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर सात गोळ्या झाडल्या. ब्लेक जगला, पण कमरेखाली लुळा झाला. पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेला त्याला तीनच महिने झाले होते. शहर पेटलं. निदर्शनं झाली, जाळपोळ झाली, दुकानं लुटली गेली. तिसऱ्या रात्री, २५ तारखेला, शेजारच्या इलिनॉय राज्यातल्या अँटिऑक गावचा सतरा वर्षांचा काइल गळ्यात एआर धर्तीची रायफल अडकवून आणि मलमपट्टीची पिशवी घेऊन केनोशाच्या रस्त्यावर उतरला. मी जखमींना मदत करायला आणि दुकानं राखायला आलोय, असं भेटेल त्याला सांगत होता. मी प्रशिक्षित वैद्यकीय मदतनीस आहे, असंही सांगत होता. ते खोटं होतं, आणि तसं त्याने पुढे कोर्टात कबूल केलं. मध्यरात्रीच्या आत त्याच्या गोळ्यांनी जोसेफ रोझेनबाम हा ३६ वर्षांचा आणि अँथनी ह्युबर हा २६ वर्षांचा माणूस मेला होता, आणि तिसऱ्याच्या दंडाचं मांस उडालं होतं.

तेव्हापासून या गोष्टीच्या दोन आवृत्त्या बाजारात आहेत, आणि दोन्ही भेसळीच्या.

डाव्या दुकानातल्या मालात पोरगं राज्याची सीमा ओलांडून बंदूक घेऊन आलं आणि त्याने काळ्या निदर्शकांना टिपलं. प्रत्यक्षात बंदूक केनोशातच, मित्राच्या सावत्र बापाच्या घरी ठेवलेली होती, आणि गोळ्या लागलेले तिघेही गोरे होते. निकालानंतर कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांना ही दुसरी बातमी नव्यानेच कळली. वर्षभर संताप करून झाल्यावर. जो बायडन यांच्या प्रचाराच्या चित्रफितीत तर त्याचा फोटो गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मुद्द्याला चिकटवून २०२० मध्येच फिरला होता. निकालाच्या दिवशी हेच बायडन आधी म्हणाले, ज्युरीने ठरवलं ते मला मान्य. मग लेखी निवेदनात म्हणाले, अनेकांसारखा मीही संतापलोय आणि काळजीत आहे. मान्यही आहे आणि संतापही आहे. राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून काय, दोन डगरींवर पाय ठेवायला जागा लागतेच.

उजव्या दुकानात दुसरा माल. तिथे पोरगं म्हणजे शहराच्या वेशीवर उभा राहिलेला बालवीर. मालमत्ता राखायला धावलेला. कोणाची मालमत्ता? इथे आपल्या लोकांना कान टवकारायला हरकत नाही. काइल ज्या जुन्या गाड्यांच्या दुकानाची राखण करत होता, ते भारतीय वंशाच्या एका कुटुंबाचं. त्यांच्या एका आवारातल्या गाड्या आदल्याच रात्री जळून कोळसा झाल्या होत्या. एवढं सोसलेला धंदेवाईक माणूस बंदूकधारी पोरांच्या गळ्यात पडून रडला असेल, असं वाटेल. त्या घरच्या भावांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, की आम्ही कुणालाही राखणीला बोलावलं नव्हतं. दुसरे काही साक्षीदार म्हणाले, बोलावलं होतं. खरंखोटं तेच जाणोत. पण अमेरिकेत धंदा करणारा देशी माणूस बंदुकीच्या भांडणात आपलं नाव कुठल्याच बाजूला लागू देत नाही, यात नवल कसलं? त्याला दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना गाड्या विकायच्या असतात.

आणि पोलीस? पोलीस होते की. चिलखती गाडीतून त्यांनी या हौशी राखणदारांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या, वर तुम्ही आहात म्हणून बरं, अशा अर्थाचं कौतुकही केलं. संचारबंदी होती, पण ती बहुधा ज्यांच्या हातात बंदूक नाही त्यांच्यासाठी असावी. दोन माणसं पडल्यावर काइल हात वर करून पोलिसांच्या गाड्यांकडे चालत गेला. रस्त्यावरचे लोक ओरडून सांगत होते, यानेच मारलं. गाड्या त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या. तो घरी गेला आणि आपल्या गावच्या चौकीत स्वतःहून हजर झाला. गळ्यात रायफल, रंग गोरा, वय सतरा: या अवतारातला पोरगा गोळ्या झाडून आलेला असेल अशी शंका कुणाला आली नाही, असं गृहीत धरू. ब्लेकच्या बाबतीत शंका यायला वेळ लागला नव्हता.

आता कोर्ट. हा खटला ज्यांनी थेट प्रक्षेपणात पाहिला त्यांना नाटकाला जायची गरज उरली नाही.

न्यायाधीश ब्रूस श्रोडर हे जुन्या वळणाचं प्रस्थ. मेलेल्यांना माझ्या कोर्टात पीडित म्हणायचं नाही, असा त्यांचा जुना दंडक. पुरावा असेल तर बचावाच्या वकिलांनी शेवटच्या भाषणात त्यांना दंगेखोर किंवा जाळपोळ करणारे म्हणायला हरकत नाही. ऐन सुनावणीत साहेबांचा मोबाइल वाजला आणि ट्रम्प यांच्या सभांमध्ये वाजणारं ‘गॉड ब्लेस द यूएसए’ कोर्टभर घुमलं. ११ नोव्हेंबरला, तिकडच्या माजी सैनिकांच्या दिवशी, त्यांनी विचारलं, इथे कुणी माजी सैनिक आहे का? एकच निघाला: बचाव पक्षाचा तज्ज्ञ साक्षीदार, जो आता साक्ष द्यायला उठणार होता. त्याच्यासाठी टाळ्या झाल्या, ज्युरीनेही वाजवल्या. सरकारी वकिलाने काय करावं? वाजवाव्यात की हात चोळावेत?

मग तो आयपॅडचा प्रसंग. सरकारी वकिलांना एक चित्रफीत बोटांनी मोठी करून दाखवायची होती. तुम्ही-आम्ही लग्नातल्या फोटोत आपलं तोंड शोधायला करतो तसं. बचावाचे मार्क रिचर्ड्स उठले आणि म्हणाले, चालणार नाही. अॅपलच्या यंत्रात कृत्रिम बुद्धिमत्ता असते, ती आपल्या मनाने चित्रात भर घालते, लॉगॅरिदम वापरून. लॉगॅरिदम! अकरावी-बारावीला लॉग टेबलाचं पुस्तक बाळगलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या काळजात इथे कळ आली असेल. गडी म्हणणार होता अल्गोरिदम. पण न्यायाधीशांनाही फरक पडला नाही. त्यांनी सरकारी पक्षाला सांगितलं, बोटांनी मोठं केलेलं चित्र शुद्ध असतं हे सांगणारा तज्ज्ञ आणा, आणि त्यासाठी थोडा वेळही दिला. चहा प्यायला लागतो तेवढा. तज्ज्ञ मिळाला नाही. शेवटी तीच फीत मोठ्या टीव्हीवर, मोठी न करता दाखवली गेली. दोन खुनांच्या खटल्यात सगळ्यात कडक उलटतपासणी जर कुणाची झाली असेल तर ती त्या आयपॅडची.

सरकारी वकील थॉमस बिंगरही काही कमी नव्हते. आरोपी अटकेनंतर गप्प राहिला यावरच त्यांनी बोट ठेवलं. गप्प राहणं हा तिथे घटनेने दिलेला हक्क. वकिलीच्या पहिल्या वर्षाचं पोरही ही चूक करत नाही. श्रोडरनी ज्युरीला बाहेर पाठवून त्यांना असं काही झापलं की तो आवाज अजून यूट्यूबवर नांदतोय. शेवटच्या भाषणात बिंगरनी ती रायफल खांद्याला लावून नेम धरून दाखवला. बोट घोड्यावर. दुसऱ्या दिवशी अर्धा देश खवळला: बंदूक अशी धरतात होय? बंदुकीच्या शिस्तीचा पहिला नियम मोडला! दोन माणसं मारली गेली त्यावर ज्यांनी ब्र काढला नव्हता, ते एका रिकाम्या बंदुकीवरच्या बोटासाठी हळहळले.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे सोडतीचं पिंप. अठरा ज्युरी बसले होते, निकाल बाराच जणांनी द्यायचा. सहा जणांना वगळायचं. तर नंबरांच्या चिठ्ठ्या एका गोल फिरत्या पिंपात टाकल्या आणि त्या काढायला बोलावलं कोणाला? आरोपीला. आपल्या नशिबाचा फैसला करणाऱ्यांची छाननी पोराने स्वतःच्या हाताने केली. चिठ्ठी आंधळी असते, त्यात लबाडीला वाव नाही, सगळं कबूल. तरी गणेश मंडळाच्या लकी ड्रॉलासुद्धा आपण समोरचं एखादं लहान पोर बोलावतो, ज्याने तिकीट काढलंय त्याला बोलवत नाही.

एवढा तमाशा पाहून वाटेल, निकाल कुठेतरी शिजला असणार. तसं मला वाटत नाही, आणि इथेच माझं दोन्ही दुकानांशी बिनसतं. विस्कॉन्सिनच्या कायद्यात आरोपीने आत्मसंरक्षणाचा मुद्दा काढला की तो खोटा आहे हे सरकारने निर्विवाद सिद्ध करायचं असतं. आरोपीने काही सिद्ध करायचं नसतं. रोझेनबाम निःशस्त्र होता, त्याच दिवशी इस्पितळातून सुटला होता, मनाने सैरभैर होता. पण तो पोराच्या मागे धावला, हे फितीत दिसतं. ह्युबरने स्केटबोर्डने मारलं, हेही दिसतं. तिसऱ्याच्या हातात पिस्तूल होतं. आणि सरकारचा मुख्य साक्षीदार म्हणून उभा राहिलेल्या या तिसऱ्यानेच उलटतपासणीत सांगितलं, की मी माझं पिस्तूल त्याच्या दिशेने रोखलं तेव्हाच त्याने गोळी झाडली. त्या क्षणी एका सरकारी वकिलाने कपाळाला हात लावला, तो फोटो जगभर गेला. खटला तिथेच आटोपला. बाकीचे दिवस तेराव्याच्या जेवणाचे.

ज्युरीला विचारलेला प्रश्न फार चिंचोळा होता: शेवटच्या त्या काही सेकंदांत या पोराला आपला जीव जाईल असं वाटणं रास्त होतं का? तो तिथे का आला, कशासाठी आला, त्याच्या हातात ती वस्तू कुणी दिली, हे प्रश्न पत्रिकेतच नव्हते. उत्तर आलं, पाचही आरोपांतून मुक्त. दुकानदारांनी ते बाहेर आणून चारित्र्याचा दाखला म्हणून छापलं. एकाने सोनेरी चौकटीत, दुसऱ्याने काळ्या.

जरा उलटं करून बघा. समजा तिसऱ्याच्या पिस्तुलाचा घोडा आधी दबला असता. त्याच्यासमोर काय होतं? नुकतीच माणसं मारून पळणारा रायफलधारी. त्यालाही जीव जाईल असं वाटणं रास्तच होतं. हाच वकीलवर्ग, हेच कलम, हाच निकाल. मेला असता काइल आणि निर्दोष सुटला असता तो. मग सुवर्णपदकाचं विधेयक दुसऱ्या पक्षाने आणलं असतं. रस्त्यावर बंदुका दोन झाल्या की आत्मसंरक्षणाचा हक्क जिवंत राहणाऱ्याला मिळतो. हे चर्चेत फारसं कुणाच्या तोंडी आलं नाही, कारण यात वीर सापडत नाही आणि राक्षसही सापडत नाही. मग वर्गणी कशाच्या नावाने गोळा करायची?

आणि आता बंदुकीच्या नळीकडे या. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच, आणि नेमकी तिच्यावर सगळ्यात कमी आरडाओरडा झाला.

अठराच्या आतल्या मुलाने धोकादायक हत्यार बाळगणं हा विस्कॉन्सिनमध्ये गुन्हा. पोरगं सतरा वर्षांचं. सरकारी पक्षाला वाटलं, बाकी काही टिको न टिको, हा आरोप तर टिकतो. पण त्याच कायद्याच्या पोटात, शिकारीला जाणाऱ्या पोरांची सोय व्हावी म्हणून, अपवादांची अशी गुंतवळ आहे की ती सोडवता सोडवता भलतंच निघतं: रायफल किंवा शॉटगन आखूड नळीची असेल तरच सतरा वर्षांचा मुलगा गुन्हेगार. रायफलची नळी किमान १६ इंच हवी. पोराच्या रायफलची होती. श्रोडरनी सरकारी वकिलांना विचारलं, नळी आखूड आहे असं तुमचं म्हणणं आहे का? नाही म्हणाले. आरोप रद्द. ज्युरीपर्यंत पोचलाच नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने खिशात पिस्तूल ठेवलं तर तो गुन्हा, आणि युद्धातल्यासारखी रायफल गळ्यात घालून दंगलीत फिरला तर कायद्याने तो हरणं शोधतोय. काइलनेही कोर्टात सांगितलं, की पिस्तूल मला बाळगता येत नव्हतं म्हणून रायफल. ती दिसायला भारी वाटायची, हेही त्याने मान्य केलं. सतरा वर्षांच्या पोराला भारी वाटणारच. शंका त्या कायद्यावर घ्या, ज्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

विकत घेताना मात्र वय आडवं आलं. अठराच्या खाली रायफल विकत मिळत नाही. मग पोराने पैसे मित्राला दिले आणि मित्राने आपल्या नावावर घेतली, एका हार्डवेअरच्या दुकानातून. खिळे, रंगाचे डबे आणि एआर एकाच छताखाली. पैसे कुठले? कोरोनात काम थांबलं म्हणून सरकारकडून आलेले १२०० डॉलर. मित्रावरचा खटला पुढे किरकोळ दंडावर मिटला. सरकारच्या मदतीच्या पैशातून सरकारच्या कायद्यातल्या फटीतून सरकारी संचारबंदीत रायफल फिरली, आणि वाद काय तर पोरगं कोर्टात रडलं ते अश्रू खरे की ग्लिसरीनचे. बास्केटबॉलवाला लेब्रॉन जेम्सही त्यात उतरला. कुठले अश्रू, मला तर दिसले नाहीत, असं त्याचं म्हणणं.

आपल्याकडे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हत्याराचा परवाना मिळत नाही आणि ज्युरीही कधीच गेली. पण फार नाक वर करू नका. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावर बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा खटला चालला तेव्हा ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडरसाहेबांना निर्दोष ठरवलं होतं, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांना डोक्यावर घेतलं होतं, आणि मेलेल्या माणसाची बाजू घ्यायला शहरात फारसं कुणी उरलं नव्हतं. फरक इतकाच, की इथल्या सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं आणि नानावटींना जन्मठेप झाली. पुढे माफीही झाली, ती वेगळी कथा. अमेरिकेत ज्युरीने सोडलं की सोडलं.

सुटलेल्यांना मिरवायची अमेरिकेची सवयही जुनी. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार काळ्या पोरांवर गोळ्या झाडणारा बर्नहार्ड गेट्स खुनाच्या प्रयत्नातून सुटला, फक्त विनापरवाना बंदुकीत अडकला. तोवर निम्मं शहर त्याला तारणहार म्हणून मोकळं झालं होतं. फ्लोरिडात सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला मारणारा जॉर्ज झिमरमन २०१३ मध्ये सुटला आणि तीन वर्षांनी त्याने ते पिस्तूल लिलावात काढलं. त्या मानाने काइलला एक गुण द्यावा लागेल. त्याने आपली रायफल परत मागितली ती नष्ट करायला, कुणी तिची ट्रॉफी करून दिवाणखान्यात टांगू नये म्हणून. २०२२ मध्ये सरकारी प्रयोगशाळेने तिचा चुरा केला. या अख्ख्या प्रकरणात शहाणपणाने वागलेलं एकच माणूस सापडतं, आणि ते आरोपी निघतं.

दुर्दैवाने तो गुण एवढ्यावरच संपतो. जामिनावर सुटलेला असताना, जानेवारी २०२१ मध्ये आपण निर्दोष असल्याचं कोर्टाला सांगितल्यावर लगेच, तो आईसोबत बारमध्ये बिअर पीत होता, अंगात शिवराळ टी-शर्ट, शेजारी प्राउड बॉइज या कडव्या उजव्या टोळीची मंडळी, हातांच्या खुणा करून फोटो. वय नुकतंच अठरा झालेलं. दारूचं वय तिथे एकवीस, पण विस्कॉन्सिनमध्ये आई सोबत असेल तर चालतं. त्या राज्याला आईवर फार भरवसा दिसतो.

सुटकेनंतर लगेच उजव्यांचे लाडके टीव्ही निवेदक टकर कार्लसन यांना मुलाखत, जिथे तो म्हणाला, मी ब्लॅक लाइव्हज मॅटरच्या बाजूचा आहे. कार्लसन यांच्या प्रेक्षकांनी ते वाक्य बहुधा जाहिरात समजून सोडून दिलं. मग मार-ए-लागोला ट्रम्प यांची भेट. डिसेंबरात फिनिक्समध्ये उजव्या मंडळींच्या मेळाव्यात संगीत, धूर, ठिणग्या आणि हजारो तरुण उभे राहून टाळ्या वाजवतायत, जणू कुणी विश्वचषक आणलाय. पुढच्या वर्षी व्हिडिओ गेम: बातमीदारांना टर्की कोंबड्या समजून गोळ्या घालायच्या, आणि त्या पैशातून वृत्तसंस्थांवर अब्रुनुकसानीचे दावे. २०२३ मध्ये पुस्तक. नाव, ‘अॅक्विटेड’. २०२४ मध्ये कॉलेजांचा दौरा. त्यात केंट स्टेट. १९७० मध्ये तिथे नॅशनल गार्डने गोळ्या घालून चार विद्यार्थी मारले होते. आयोजकांनी नकाशा बघून जागा निवडली असेल असं म्हणणं उद्धटपणाचं होईल, पण दुसरं स्पष्टीकरण मला सुचत नाही.

विरोधकांनीही त्याला काही मोकळं सोडलं नाही. अॅरिझोनाच्या विद्यापीठात तो घरबसल्या दोन वर्ग करत होता, त्याला काढून टाका म्हणून मोर्चे निघाले. शिकू नकोस म्हणायचं, आणि मग तो बंदूकवाल्यांच्या व्यासपीठावर गेला की म्हणायचं, बघा, सांगत होतो ना!

आता त्याच केनोशातली दुसरी गोष्ट. तिला मेळावा मिळाला नाही. जून २०१८ मध्ये सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने ३४ वर्षांच्या एका गोऱ्या माणसाला गोळ्या घातल्या. तो तिला लैंगिक व्यापारात वापरत होता. तो अल्पवयीन काळ्या मुलींवर अत्याचार करतो याचा पुरावा पोलिसांकडे काही महिन्यांपासून होता. त्याला पकडलं होतं आणि सोडलंही होतं. मुलीने गोळ्या डोक्यात घातल्या, घराला आग लावली, त्याची गाडी नेली. म्हणजे दोन्ही खटले एका तागडीत बसत नाहीत हे मलाही कळतं. आग आणि गाडी आत्मसंरक्षणात मोडत नाहीत. पण वय तेच, जिल्हा तोच, सरकारी वकिलांचं कार्यालय तेच. तिचा जामीन दहा लाख डॉलर ठरला, मग चार लाखांवर आला, आणि लोकवर्गणीतून तो भरेपर्यंत तिने दोन वर्षं तुरुंगात काढली. काइलचा वीस लाखांचा जामीन तीन महिन्यांच्या आत भरला. देणगीदारांत उशा विकणारा एक टीव्हीवरचा शेठ आणि एक नट. तिला आपला बचाव ज्युरीपुढे मांडता येईल का, एवढं ठरायलाच राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. होकार आला २०२२ मध्ये. शेवटी तिने २०२४ मध्ये कमी दर्जाचा गुन्हा कबूल केला. अकरा वर्षं. उमेदवारीसाठी पंजा लढवायला कुणी खासदार आला नाही. स्त्रियांनी स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगावी असं सांगणाऱ्या पत्रकांची तिथे वाण नाही, तरीही.

तिला शिक्षा झाली त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२४ मध्ये, काइलनेही बंड केलं होतं. ट्रम्प यांना बंदुकीच्या हक्काबाबत वाईट सल्लागार भेटलेत, म्हणून माझं मत त्यांना नाही, माजी खासदार रॉन पॉलना, असं त्याने जाहीर केलं. ज्यांनी त्याला मखरात बसवलं होतं त्यांनीच त्याला पायरीवर आणलं: कृतघ्न, आमच्या पैशावर सुटला, आमच्यामुळे बाहेर आहे. दुसऱ्या दिवशी खुलासा आला. गेल्या बारा तासांत ट्रम्प यांच्या माणसांशी फार फलदायी चर्चा झाली, माझं म्हणणं अपुऱ्या माहितीवर होतं, आता पाठिंबा शंभर टक्के. बारा तास. त्याला निर्दोष ठरवायला ज्युरीलासुद्धा याच्या दुपटीहून जास्त लागले होते.